संगणकावरचे घर: भिंत, खिडकी आणि छप्पर

पूर्वी घर बांधायचे म्हणजे गवंडी यायचा, दोरी धरायचा, जमिनीवर फक्की मारायचा आणि त्या पांढऱ्या रेघांवर पाया खणला जायचा. आता गावच्या शाळेतही संगणक आला आहे आणि त्यावर घराचा नकाशा काढता येतो. 'फ्रीकॅड' नावाची एक प्रणाली तर विनामूल्य मिळते. तिच्यात नुसत्या रेघा नसतात. भिंत भिंतीसारखी उभी राहते, खिडकी भिंतीत बसते, छप्पर वर चढते. पण यंत्राला आपल्या मनातले कळत नाही. आपण सांगू तेवढेच ते करते.

एका गावात लोकवर्गणीतून शाळेची एक खोली वाढवायची ठरली. गुरुजींनी हौसेने नकाशा काढला, छापला आणि म्हाताऱ्या गवंड्याच्या हाती दिला. त्याने चष्मा पुसून तो पाहिला आणि तीन प्रश्न विचारले. "गुरुजी, खोली वीस फूट म्हणता, ती आतून की बाहेरून? वरचा झरोका यात दिसत नाही, तो कुठे गेला? आणि आढ्याखालची तिकोनी जागा कोण भरणार, वारा?" गुरुजी ओशाळले. पण हे तीन प्रश्न म्हणजेच या कामातल्या तीन मुख्य चुका. त्या एकेक करून पाहू.

पहिली भिंत. फ्रीकॅड सहसा मिलिमीटरमध्ये मोजते. तुम्ही नुसते २० लिहिले, तर ते वीस मिलिमीटर समजते आणि तुमची भिंत आगपेटीच्या अर्ध्या काडीएवढी होते. पडद्यावर काहीच दिसले नाही, की पुष्कळदा कारण हेच असते. आकड्यापुढे फुटाचे चिन्ह लिहा, किंवा १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असा हिशेब करा. दुसरे म्हणजे, प्रणाली आपण होऊन भिंतीची जाडी २०० मिलिमीटर धरते. आपली नऊ इंची विटेची भिंत सुमारे २३० ची. तो आकडा आपण बदलायला हवा.

आता गवंड्याचा प्रश्न. आपण काढलेली रेघ भिंतीच्या मधोमध धरली जाते. वीस फुटांची रेघ काढली, की दोन्ही टोकांच्या भिंती साडेचार साडेचार इंच आत येतात आणि खोली आतून १९ फूट ३ इंच उरते. नऊ इंच म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण बाके मोजून मापून लावायची असली, तर तेवढ्यानेच शेवटची रांग अडते. यावर उपाय सोपा आहे. भिंतीच्या गुणधर्मांत 'अलाइन' नावाची नोंद असते. तिथे भिंत रेघेच्या डाव्या की उजव्या अंगाला घ्यायची ते सांगावे आणि आतले माप पुन्हा मोजून पाहावे.

दुसरी खिडकी. हिच्या तक्रारी दोन. एक अशी की, चौकट तर बसली, पण मागे भिंत जशीच्या तशी भरीव! याचे कारण, खिडकी कोणत्या भिंतीची हे तिला सांगितलेले नसते. खिडकीच्या गुणधर्मांत 'होस्ट्स' म्हणून नोंद असते. तिथे त्या भिंतीचे नाव घातले आणि आकृतीची फेरगणना करवली, की भोक पडते.

दुसरी तक्रार झरोक्याची. नकाशा म्हणजे घराचा आडवा काप. भोपळा मधून आडवा चिरावा आणि वरून पाहावे, तसे. हा काप साधारण चार फुटांवर घेतात. झरोक्याचा तळ सहा फुटांवर असेल, तर तो कापाच्या वर राहतो आणि नकाशात उमटत नाही. तो हरवलेला नसतो. नेहमीच्या खिडकीचा माथा सात फुटांवर असेल, तर काप साडेसहा फुटांवर न्यावा, म्हणजे दोन्ही दिसतात. नाहीतर भिंतीचे समोरून दिसणारे चित्र वेगळे छापून सोबत द्यावे.

तिसरे छप्पर. छप्पर उभे केल्याबरोबर ते वेडेवाकडे दिसते. घाबरू नये. प्रत्येक बाजूचा उतार किती आणि कडेपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर किती, हे अजून भरलेले नसते. खोली बाहेरून सहा मीटर रुंद असेल, तर ते अंतर तीन मीटर. उतार ३० अंश ठेवला, तर आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे १.७३ मीटर उंच जाते. चारही बाजूंना उतार दिला, तर चौपाखी छप्पर होते. दुपाखी हवे असेल, तर टोकाच्या दोन बाजूंना ९० अंश लिहावे.

दुपाखी छपराखाली टोकाची भिंत सपाट थांबते आणि वर त्रिकोण उघडा राहतो. वाऱ्याबरोबर पाऊस तिथूनच आत शिरणार. म्हणून त्या दोन भिंती आधी आढ्याच्याही वर, समजा पाच मीटर, उंच कराव्या. मग आधी छप्पर आणि शेवटी भिंत अशा क्रमाने निवडून 'रिमूव्ह' ही आज्ञा द्यावी. छपराच्या वरचा भाग कापला जातो आणि भिंत उताराला नेमकी भिडते. दुसऱ्या भिंतीचेही तसेच करावे. मात्र क्रम उलटा करू नये.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे मुलांकडून करून घ्यावे. भूमितीतला त्रिकोण तिथे छप्पर होऊन उभा राहतो. आणि नकाशा छापण्यापूर्वी एकदा गवंड्याला दाखवावा. आपल्या गुरुजींनी तसेच केले. दुसऱ्या खेपेस म्हातारा एवढेच म्हणाला, "आता दोरी आणा." संगणकावरची चूक पुसायला पैसा लागत नाही. विटांत बांधलेली चूक मात्र गावच्या वर्गणीतून फेडावी लागते.