पोटावरची गाठ

म्यानमारमधला पुरुष बोलता बोलता कमरेची गाठ सोडतो. बसच्या थांब्यावर, बँकेच्या रांगेत, चहाच्या दुकानासमोर, कुठेही. लोंजीची वरची कड दोन्ही हातांनी दोन बाजूंना ताणतो, एकदा झटकून सारखी करतो आणि पुन्हा पोटावर आवळून बांधतो. बोलण्यात खंड पडत नाही आणि आसपासचं कुणी मान वळवूनही बघत नाही. यांगूनला पहिल्यांदा गेलो तेव्हा पॅगोडे बघायचे ठरवले होते, पण दुसऱ्या दिवसापासून मी माणसांच्या गाठी निरखत फिरू लागलो. गेली कित्येक वर्षं हे वस्त्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

बाकीच्या जगाचं भराभर सांगून टाकतो. दोन पाय वेगळे करणारी विजार घोड्यावरच्या माणसांची. चीनच्या तुर्फान भागात सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारी सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्या घोडेस्वारांच्याच मानल्या जातात. जिथे घोडा नव्हता, हवा दमट होती, तिथे पुरुष घेरदार वस्त्रातच राहिला : केरळात मुंडू, श्रीलंका आणि इंडोनेशियात सरोंग, फिजीत सुलू, सामोआत लावालावा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला किल्ट तर १७४६च्या कायद्याने बंद केला गेला आणि ती बंदी १७८२मध्ये उठली. आज तो लग्नात आणि समारंभात दिसतो. मला ओढ आहे ती मात्र सणासुदीच्या पोशाखाची नाही. रोज सकाळी उठून, विचार न करता नेसल्या जाणाऱ्या वस्त्राची आहे.

लोंजी म्हणजे सुमारे २ मीटर लांबीचं कापड, दोन्ही टोकं एकमेकांना शिवून केलेली नळी. कमरेपासून घोट्यापर्यंत येते. पुरुषांच्या लोंजीला पसो म्हणतात, बायकांच्या लोंजीला थमेइन. शिवण तीच, घेर जवळजवळ तोच. फरक दोन गोष्टींत. पुरुषाच्या कापडावर चौकडी किंवा रेघा, बाईच्या कापडावर फुलं, वेली, लाटा. आणि दुसरा, खरा फरक बांधण्यात. बाई सगळा घेर एका बाजूला ओढून कमरेत सपाट खोचते. पुरुष गाठ मारतो, आणि ती गाठ पोटाच्या बरोबर मध्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो.

यांगूनच्या बोजो आंग सान मार्केटमध्ये एका वयस्कर दुकानदाराने मला ही गाठ शिकवली. १९२६ साली बांधलेलं हे मार्केट, पूर्वीचं स्कॉट मार्केट. तिथे लोंजीचं कापड न शिवलेलंही मिळतं. जवळच शिलाई मशीन घेऊन बसलेला शिंपी बघता बघता एक शिवण घालून नळी करून देतो. दुकानदाराने मला त्या नळीत उभं केलं. आधी वरची कड दोन्ही बाजूंना पूर्ण ताणायची, म्हणजे पाठीला कापड घट्ट बसतं. मग दोन्ही हातांतलं कापड पोटावर आणायचं, एकाला दुसऱ्याचा पीळ द्यायचा आणि उरलेलं टोक आत खोचायचं. नाडी नाही, पट्टा नाही, पिन नाही. त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : बांधताना पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास चालू असताना बांधलेली गाठच टिकते. आणि तरीही ती दिवसभरात सैल होणारच, म्हणून तर ते उभ्या उभ्या सोडणं आणि बांधणं. जेवणानंतर सैल, जिना चढण्याआधी घट्ट. शरीराप्रमाणे तासातासाला बदलणारं दुसरं वस्त्र मी पाहिलेलं नाही.

याच एका कापडावर सगळा दिवस निघतो. विहिरीवर किंवा नळावर उघड्यावर आंघोळ करताना लोंजी अंगावरच असते. आंघोळ झाली की कोरडी लोंजी डोक्यावरून घालायची, ती कमरेशी धरायची आणि आतली ओली पायाशी सोडून द्यायची. खिसा नाही, म्हणून मोबाइल पाठीमागे कमरेत खोचलेला. बाकीचं सामान खांद्यावरच्या शान प्रांतातल्या धाटणीच्या झोळीत. शाळेतली मोठी मुलं पांढरा सदरा आणि हिरवी लोंजी घालून जातात. समारंभाला तीच लोंजी रेशमी होते, वर बिनकॉलरचा सदरा, त्यावर ताइपोन नावाचं आखूड जाकीट आणि डोक्याला गाउंबाउं हे पागोटं.

आणि पळायचं, चढायचं, खेळायचं असेल तर? तेव्हा पुढचा घोळ पायांमधून मागे घेऊन कमरेत खोचतात. आपला काष्टाच. चिनलोन खेळताना हे बघावं. वेताचा पोकळ चेंडू, सहा जणांचं रिंगण, आणि समोर प्रतिस्पर्धी संघच नाही. चेंडू पायाने, गुडघ्याने, टाचेने उडवत ठेवायचा आणि जास्तीत जास्त सुंदर रीतीने उडवायचा, एवढाच खेळ. मी एका संध्याकाळी मंडालेत रस्त्याकडेला हे बघत इतका वेळ उभा राहिलो की खेळणाऱ्यांपैकी एकाने मला बसायला बाकडं आणून दिलं. गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या त्या लोंज्यांमुळे पायांचं काम स्वच्छ दिसत होतं. घेरदार वस्त्रात चपळाई येत नाही असं म्हणणाऱ्याला मी तिथे उभं करीन.

मंडालेला मराठी माणूस जातो तो टिळकांसाठी. मीही त्यांच्यासाठीच गेलो होतो, पण माझे बरेचसे दिवस गेले शहराच्या दक्षिणेला लागून असलेल्या अमरपुरात. ही जुनी राजधानी, १७८३ साली वसवलेली. पर्यटक इथे येतात ते उ बेन पुलासाठी. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा हा सागवानी पूल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभा राहिला. पण अमरपुराचं खरं वैभव घरांच्या आत, मागांवर आहे. रेशमी लोंजीचं गाव म्हणजे अमरपुरा. (सुती लोंजीसाठी वुंडविन.) इथे जे अचेइक नावाचं कापड विणतात त्यावर आडव्या लाटा असतात, एकात एक गुंतलेल्या, गुलाबीतून जांभळ्यात आणि जांभळ्यातून हिरव्यात सरकणाऱ्या. त्यातल्या सर्वांत अवघड प्रकाराचं नाव लुंतया, म्हणजे शंभर धोटे. नाव अलंकारिक नाही. नक्षीप्रमाणे पन्नासपासून दोनशेपर्यंत छोटे धोटे एकाच वेळी मागावर पसरलेले असतात, प्रत्येकात वेगळा रंग. बाण्याचा धागा इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो.

हे मी बघितलं आणि मला येवल्याचा माग आठवला. पैठणीच्या पदरावरचा मोर असाच विणला जातो. तिथेही रंगाची कांडी नक्षीच्या कडेपर्यंत जाऊन शेजारच्या रंगाला अडकवून परत येते. जॅकार्डच्या पैठणीत मागे धागे लोंबतात. हाताच्या खऱ्या पैठणीची मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच सुबक असते, ती या पद्धतीमुळे. अमरपुरात बऱ्याचदा दोघी विणकर एका मागावर शेजारी शेजारी बसतात. एकीचे रंग जिथे संपतात तिथून दुसरीचे सुरू होतात, आणि दोघींचा वेग जुळावा लागतो. दिवसभरात काही बोटं कापड पुढे सरकतं. ही कला मणिपूरहून आणलेल्या विणकरांनी रुजवली असं काही अभ्यासक मानतात. म्यानमारच्या कोनबाउं घराण्यातल्या राजांच्या काळात अचेइक कुणी नेसावं याला दरबारी बंधनं होती. आज नवरदेव ते हक्काने नेसतो. मी दुपारभर त्या दोघींच्या मागे बसून राहिलो. त्यांनी मला एकदा चहा दिला आणि नंतर माझं असणं विसरून गेल्या. हातमागाच्या गावांत याहून चांगला पाहुणचार मला कुठे मिळालेला नाही.

अमरपुराला २८ मार्च २०२५च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाचा मोठा तडाखा बसला. मंडाले आणि सगाईंग यांच्या मधला हा पट्टा. जवळचा इरावतीवरचा जुना इन्वा पूल कोसळला. माग पुन्हा उभे करायचे तर लाकूड आणि रेशीम दोन्ही हवं, आणि देश यादवीत अडकलेला आहे.

आता रत्नागिरी. कोनबाउं घराण्याचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५मध्ये पदच्युत केलं, १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि डिसेंबर १९१६मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस १९१०मध्ये राहण्याजोगा झाला. आपण सगळे तो वाडा बघून समुद्राचे फोटो काढून येतो. मी तिथे गेलो की पोशाखाचा विचार करतो. थिबाच्या दरबारातला पुरुष शिवलेली लोंजी नेसत नसे. त्याचा पसो न शिवलेला, ३० फूट लांब, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षाही लांब. कमरेभोवती नेसून उरलेला घोळ पुढे सोडायचा किंवा खांद्यावर टाकायचा. राजा कोकणात असताना, ब्रिटिश अमलाखाली, त्याच्या देशात हा भव्य पसो मागे पडत गेला आणि हिंदी महासागराच्या काठांवर सगळीकडे फिरलेली आखूड, शिवलेली लुंगी रूढ होत गेली. मद्रास किनाऱ्यावरून तिकडे लुंग्यांचा मोठा व्यापार होता.

आणि १९२०च्या दशकात याच लोंजीने स्वातंत्र्याची बाजू घेतली. पिन्नी म्हणजे पिवळसर तपकिरी हातमागाचं जाकीट आणि खाली यॉ भागातली गडद लोंजी, हा राष्ट्रीय चळवळीतल्या माणसाचा वेश झाला. आपल्याकडे खादी, तिकडे पिन्नी. बाहेरून आलेलं वस्त्र ‘आपलं’ कसं, असा प्रश्न मला अभ्यासकांच्या लेखांत वारंवार दिसतो आणि तो मला निरर्थक वाटतो. जे रोज नेसलं जातं ते आपलं.

विजार मात्र तिथे सत्तेची राहिली. आधी इंग्रज अधिकाऱ्यांची, नंतर लष्कराची. २००८च्या घटनेप्रमाणे संसदेच्या पंचवीस टक्के जागा सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना राखीव होत्या. राजधानी नेपिडोतल्या संसद सभागृहाचे त्या काळातले फोटो बघा. एका गटात हिरवे गणवेश आणि विजारी, बाकी सगळीकडे लोंज्या आणि पागोटी. कोण मतं मिळवून आलं आहे हे कपड्यांवरून कळत होतं.

थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६मध्ये, रत्नागिरीच्या समाधीवर म्यानमारचे तेव्हाचे उपाध्यक्ष मिंट स्वे आणि लष्करप्रमुख मिन आंग लाइंग आले होते. त्याच मिन आंग लाइंग यांनी १ फेब्रुवारी २०२१ला निवडून आलेलं सरकार उलथवलं. आणि मग रस्त्यांवर थमेइन आली. तिकडे एक जुनी समजूत आहे : पुरुषाच्या अंगी ‘फोन’ नावाचं एक तेज असतं आणि बाईच्या नेसत्या थमेइनखालून गेलं की ते नष्ट होतं. मार्च २०२१मध्ये आंदोलकांनी यांगूनच्या रस्त्यांवर आरपार दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर बायकांच्या थमेइन वाळत घातल्या. सैनिक खालून जायला कचरले. पुढे जाण्याआधी दोऱ्या काढत बसले. ८ मार्चच्या महिला दिनाला थमेइनचे झेंडे झाले आणि तरुण पुरुषांनी त्या डोक्याला गुंडाळून फोटो टाकले. ज्या समजुतीवर त्यांची आई आणि आजी वेगळ्या दोरीवर कपडे वाळत घालत आल्या होत्या, ती त्या मुलांनी उघडपणे नाकारली. पुरुषाने घेरदार वस्त्र नेसण्यात काहीच नवल नसलेल्या देशात बाईची थमेइन अंगावर घेणं एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि तीही त्यांनी केली. या साऱ्या विषयात मला सर्वांत मोठी वाटते ती ही घटना.

आपल्याकडे लुंगी घरात कोंडली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. वडील लुंगी नेसत, पण दार वाजलं की आधी पॅंट चढवत. चेन्नईत २०१४ साली एका क्लबने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसले म्हणून आत घेतलं नाही, तर तमिळनाडूने त्याच वर्षी अशा अडवणुकीविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात अशी वेळ येत नाही, कारण आपण लुंगी नेसून दारापर्यंतच जात नाही.

मी जातो. वाण्याकडे, वाचनालयात, बँकेत. लोक विचारतात ते दोनच प्रश्न : सुटत नाही का, आणि पैसे कुठे ठेवता. पहिल्याचं उत्तर, सुटते, मग पुन्हा बांधतो. दुसऱ्याचं, झोळीत. ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी सुरुवात रेशमाने करू नये, ते निसरडं असतं. जाड सुती, शिवलेली लुंगी घ्यावी, खळ जाईपर्यंत दोनतीनदा धुवावी. आणि बांधताना पोट आत ओढू नये.