लहानपणीचा पू, मोठेपणीचा खुबा

तान्ह्या बाळाच्या खुब्यात पू झाला की बाळ सगळ्यात आधी तो पाय हलवायचं थांबतं. दुपटं बदलताना मांडी उचलली की किंचाळतं. अंघोळ घालणाऱ्या बाईंना पायाला हात लावू देत नाही. मांडी किंचित वाकवून, पाय बाहेरच्या अंगाला टाकून पडून राहतं. महिन्याच्या आतल्या बाळाला अनेकदा तापही नसतो, म्हणून घरात आधी चर्चा होते ती मुका मार लागल्याची, उचलताना पाय मुरगळल्याची, नाहीतर लस टोचल्याची. या चर्चेत जे दोन-तीन दिवस जातात, त्यावर त्या बाळाचं पुढचं आयुष्यभराचं चालणं अवलंबून असू शकतं.

अशी कितीतरी बाळं वाचली, मोठी झाली आणि लंगडत का होईना, शाळेत, शेतात, नोकरीत गेली. तिशी-चाळिशीत मात्र दुखणं असह्य होतं आणि ती हाडांच्या डॉक्टरांसमोर येऊन बसतात. ‘लहानपणी पायात पू झाला होता, चिरा दिला होता’ एवढंच त्यांना ठाऊक असतं, तेही आईनं सांगितलेलं. आता प्रश्न असतो सांधा बदलण्याचा. जिथं एकेकाळी पू होता, तिथं धातूचा सांधा बसवायचा का? जुना जंतू परत उठला तर? आणि बसवला तर किती वर्षं टिकेल?

उत्तराकडे जाण्याआधी त्या पुवानं नेमकं काय केलं ते पाहायला हवं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातले शल्यचिकित्सक थॉमस स्मिथ यांनी 1874 मध्ये तान्ह्या मुलांच्या या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती आणि त्यांनी पाहिलेल्या बाळांपैकी बरीच दगावली. जी जगली त्यांच्या मांडीच्या हाडाचा गोल विरघळून गेलेला असे. आजही हा आजार ‘टॉम स्मिथ आर्थ्रायटिस’ या नावानं ओळखला जातो.

खुब्याची रचनाच इथं घात करते. हाडाच्या टोकाजवळ जिथं वाढ होते, तिथं रक्त संथ वाहतं आणि रक्तातून आलेले जंतू तिथंच मुक्काम करतात. बहुतेक सांध्यांत हा भाग सांध्याच्या पिशवीबाहेर असतो, खुब्यात मात्र तो पिशवीच्या आत आहे. हाडात पू झाला की तो सरळ सांध्यात उतरतो. त्यात वर्ष-दीड वर्षापर्यंतच्या बाळात रक्तवाहिन्या वाढीची चकती ओलांडून थेट गोलापर्यंत जातात, त्यामुळे जंतूंनाही रस्ता मोकळा मिळतो. बंद पिशवीत पू साठत जातो, दाब वाढतो आणि पाण्याच्या नळीवर पाय द्यावा तसा गोलाचा रक्तपुरवठा अडतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींची विकरं कूर्चाही खातात. एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आपल्या नाकात आणि कातडीवर एरवी निमूट राहणारा. नवजात बाळात नाळेचा संसर्ग किंवा रक्त काढण्यासाठी जांघेत टोचलेली सुई हीसुद्धा त्याची वाट ठरू शकते. मुदतीआधी जन्मून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांकडे म्हणूनच जास्त बारकाईनं पाहावं लागतं. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे बहुधा साफ दिसतो. सोनोग्राफीत पाणी दिसलं की सुईनं ते काढून तपासायचं, पू निघाला तर सांधा उघडून धुवायचा आणि प्रतिजैविकं सुरू करायची. हे काम तासांत व्हावं लागतं. चालणाऱ्या मुलांसाठी बॉस्टनच्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये चार खुणा ठरवून दिल्या: पायावर भार न देणं, 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप, 40 च्या वर ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) आणि रक्तात 12,000 च्या वर पांढऱ्या पेशी. चारही असतील तर पू असण्याची शक्यता फार मोठी. या साध्या तपासण्या आहेत आणि तालुक्याच्या गावीही होतात. तरी उशीर होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उशीर झालेल्या मुलाचा खुबा पुढे दोन दिशांनी बिघडतो. गोल चपटा किंवा नाहीसा होतो, आणि वाढीची चकती जळाल्यामुळे पाय आखूड राहतो. गोल नसला की मांडीचं हाड कंबरेच्या हाडातल्या वाटीतून निसटून वर सरकतं, तोल सावरायला कंबर वाकते, पाठीचा कणा वळतो, दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर भार येतो. म्हणजे चाळिशीचा जो रुग्ण येतो, त्याचं सगळं शरीर एका मोडक्या सांध्याभोवती वाढलेलं असतं.

आता सांधा बदलण्याकडे. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. मुळात ते क्षयरोग्यांसाठी होतं. तिथं जॉन चार्न्ली यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली, ती दोन-तीन वर्षांत झिजून गेली आणि शेकडो रुग्णांचे सांधे परत उघडावे लागले. नोव्हेंबर 1962 मध्ये त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी आणि पोलादाचा छोटा गोल बसवला. आजचं खुब्याचं ऑपरेशन तिथून सुरू झालं. चार्न्लींना जंतूंची फार धास्ती होती. सुरुवातीला त्यांच्या शंभर रुग्णांमागे सात-आठ जणांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होई. त्यांनी गाळलेली हवा आणि सर्वांग झाकणारे पोशाख आणून ते प्रमाण एका टक्क्याच्या खाली नेलं. धास्ती रास्तच होती. जंतू धातूवर चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, त्यात औषध पोचत नाही आणि शेवटी सांधाच काढावा लागतो.

अशा माणसानं पू किंवा क्षय होऊन गेलेल्या खुब्यात सांधा बसवायचं धाडस केलं, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात धीट पाऊल वाटतं. 1979 मध्ये हार्डिंग, क्लिअरी आणि चार्न्ली यांनी बऱ्या झालेल्या पूयुक्त आणि क्षयाच्या खुब्यांवरच्या शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर हा विषय निषिद्ध राहिला नाही.

पुढचं मोठं काम कोरियात झालं. सेऊलचे यंग-हू किम यांच्याकडे लहानपणी खुब्यात संसर्ग होऊन गेलेले प्रौढ मोठ्या संख्येनं येत. 2003 मध्ये त्यांनी शंभराहून अधिक खुब्यांचा सरासरी सुमारे दहा वर्षांचा लेखाजोखा मांडला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. ज्यांचा संसर्ग दीर्घकाळ, दहाएक वर्षं शांत होता, त्यांच्यात तो परत उठण्याची भीती फार राहत नाही. खरी अडचण प्लास्टिकच्या झिजेची आणि त्या झिजेच्या कणांमुळे आसपासचं हाड पोखरलं जाण्याची. रुग्ण तरुण, कामाचे, भरपूर चालणारे. त्यांच्या सांध्याला विश्रांती कुठली?

म्हणजे ज्या शत्रूला सगळे घाबरत होते तो बहुतेकदा मेलेला असतो. तरी गाफील राहून चालत नाही, कारण स्टॅफिलोकॉकस हाडात दशकानुदशकं दडून राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आधी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या, शंका आली तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासणं, आणि ऑपरेशनच्या वेळी आतल्या ऊतींचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवणं हा शिरस्ता आहे. त्यात जिवंत संसर्ग निघाला तर सांधा त्या दिवशी बसवत नाहीत. आधी सगळं साफ करतात, औषधं देतात आणि नंतर दुसऱ्या टप्प्यात सांधा बसवतात.

टेबलावर हा खुबा नेहमीच्या संधिवाताच्या खुब्यासारखा नसतो. जुन्या व्रणाखाली स्नायू आणि चट्टे एकमेकांत गुंतलेले असतात. गोलाच्या जागी चपटी गाठ असते किंवा काहीच नसतं. मांडीच्या हाडाचं टोक कंबरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूंत रुतलेलं. मूळ वाटी शोधावी लागते: गोल तिच्यात नीट वाढलाच नाही, म्हणून ती उथळ, इवलीशी, तंतूंनी आणि चरबीनं भरलेली. इतर रुग्णांत वाटीची पोकळी भरून काढायला त्यांच्याच गोलाचं हाड वापरता येतं, इथं तेही हाताशी नसतं. मांडीच्या हाडाची नळी इतकी अरुंद की कृत्रिम सांध्याचा नेहमीच्या मापाचा दांडा आत जात नाही, जोर केला तर हाडाला चीर जाते. लहानातल्या लहान मापाच्या वाट्या आणि दांडे आधीच मागवून ठेवावे लागतात.

वर सरकलेलं हाड खाली आणून मूळ जागी बसवायचं म्हटलं तर मांडीमागची सायटिक नस ताणली जाते. साधारण चार सेंटिमीटरच्या पुढे ताण गेला तर ती दुखावण्याचा धोका वाढतो आणि पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून पुष्कळदा मांडीच्या हाडाचाच एक तुकडा कापून काढतात, उरलेली टोकं जोडतात आणि मग सांधा बसवतात. आखूड पाय आणखी आखूड करायचा, हे रुग्णाला समजावून सांगणं सोपं नाही. त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, ‘डॉक्टर, दोन्ही पाय सारखे होतील ना?’

प्रामाणिक उत्तर असं आहे, की फरक बराच कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. कधी मोजपट्टीवर पाय सारखे भरतात, तरी वर्षानुवर्षं तिरक्या राहिलेल्या कंबरेमुळे नवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. लंगडणंही कमी होतं, मात्र खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू लहानपणापासून दुबळे असतील तर काही प्रमाणात उरतं. दुखणं मात्र बहुतेकांचं जातं, आणि रुग्णांना याच एका गोष्टीचं सर्वाधिक समाधान असतं. रात्री कुशीवर झोपता येणं, मोजे स्वतःच्या हातानं घालता येणं, एसटीच्या पायऱ्या आधाराशिवाय चढता येणं हे सांधा बदलण्याआधी त्यांच्या वाट्याला नव्हतं. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं मात्र अनेक डॉक्टर टाळायला सांगतात, कारण त्यात सांधा निखळण्याची भीती असते. आपल्याकडच्या घरात हे पथ्य पाळायला घरातल्या सगळ्यांची साथ लागते.

टिकण्याचं काय? 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, सगळ्या प्रकारचे रुग्ण धरले तर खुब्याचे सुमारे 58 टक्के कृत्रिम सांधे 25 वर्षं टिकतात. वय मात्र निर्णायक ठरतं. 2017 च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांपैकी सुमारे 5 टक्क्यांनाच पुढे कधी तो पुन्हा बदलावा लागेल असं दिसलं, तर पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन झालेल्या पुरुषांत हा धोका 35 टक्क्यांपर्यंत गेला. लहानपणी संसर्ग झालेले रुग्ण त्याहूनही तरुण असतात. तिशीत सांधा बदलला तर आयुष्यात निदान एक फेरऑपरेशन होणार असं धरूनच चालावं, हे माझं मत. त्यामुळे विशी-पंचविशीत काही जणांसाठी खुब्याची हाडं कायमची सांधून टाकणं किंवा हाड कापून आधार देणं हे जुने पर्याय अजूनही विचारात घेतले जातात, मात्र वर्षागणिक कमी.

किम यांच्या त्या रुग्णांच्या खुब्यात जुन्या पिढीचं पॉलिइथिलीन होतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गानं रेणूंच्या साखळ्या एकमेकींत जास्त गुंफलेलं नवं पॉलिइथिलीन आलं. त्याची झीज कितीतरी कमी आहे. सिरॅमिकच्या गोलांनीही फरक पडला. आज सांधा बसवून घेणाऱ्या तिशीतल्या तरुणाला त्या जुन्या रुग्णांपेक्षा अधिक आशा ठेवायला जागा आहे.

ऑपरेशनला जाताना लहानपणीचे कागद, जुने एक्स-रे, पू कधी थांबला याची घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून घेतलेली माहिती, सगळं बरोबर न्यावं. आणि सांधा अजिबात दुखत नसला तरी ठरल्या वेळी एक्स-रे काढावा. प्लास्टिकच्या कणांनी वाटीमागचं हाड पोखरलं जात असताना बहुधा काहीच जाणवत नाही, फिल्मवर मात्र ते दिसतं. तेवढ्यात पकडलं तर अनेकदा आतलं प्लास्टिक बदलून आणि पोकळीत हाड भरून भागतं. दुखायला लागेपर्यंत थांबलं तर वाटीच सुटून आलेली असते आणि ती धरून ठेवायला हाड उरलेलं नसतं.