पोळ्यांच्या डब्याची फट

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं आहे. फॅरेडेचा पिंजरा मुलांना प्रत्यक्ष दाखवावा म्हणून त्यांनी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा नेला, आपला मोबाइल त्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांना फोन लावायला सांगितला. ‘धातूच्या बंद डब्यात लहरी शिरत नाहीत,’ हे वाक्य पुरं व्हायच्या आत डब्यातून गणपतीची आरती सुरू झाली. ‘पुस्तक चुकलं की डबा?’ असं बाई विचारतात.

डबा चुकला. मी घरी करून पाहिलं. पिठाच्या डब्यात फोन वाजला, कुकरमध्ये तर त्याहून खणखणीत वाजला. तोच फोन पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन वेढे देऊन, कडा दुमडून ठेवला तेव्हा मात्र ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. कुकरचं जाड भांडं हरलं आणि कागदासारखं फॉइल जिंकलं, कारण इथे जाडीला फारशी किंमत नाही. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अॅल्युमिनियममध्ये जेमतेम तीन मायक्रॉन शिरतात आणि मरगळतात. घरातलं फॉइल त्याच्या तीन-चार पट तरी जाड असतं.

प्रश्न फटीचा आहे. आणि फट किती रुंद आहे हा नव्हे, किती लांब आहे हा.

लहर धातूवर आदळली की पत्र्याच्या पृष्ठभागावरून प्रवाह धावतो, आणि हा प्रवाहच लहरीला परतवून लावतो. शेताच्या पाटात फळी पाण्याच्या दिशेने उभी धरली तर पाण्याला तिची दखलही नसते. तीच आडवी घातली की पाणी तुंबतं आणि वळसा घालून जातं. फटीचंही तसंच. प्रवाहाला आडवी आलेली फट त्याला वळसा घ्यायला लावते, फटीच्या दोन काठांमध्ये व्होल्टेज उभं राहतं आणि फटच अँटेना होऊन बसते. तिची लांबी तरंगलांबीच्या निम्मी भरली तर विचारूच नका. १८०० मेगाहर्ट्झला ही निम्मी लांबी होते सुमारे ८ सेंटीमीटर. वीस सेंटीमीटर व्यासाच्या डब्याच्या झाकणाचा घेर साठच्या वर. ते चार-पाच ठिकाणी नीट टेकलं तरी मधली प्रत्येक फट पुरेशी लांब. कुकरचं झाकण तर रबरी रिंगवर बसतं. वाफेला घट्ट, लहरींना सताड उघडं! शिवाय टॉवर जवळ असेल तर सिग्नल लाख पटींनी घटला तरी फोनचं भागतं.

मग फॅरेडेचं कसं जमलं? १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फुटी चौकोनी खोली उभारली, लाकडी सांगाड्यावर कागद, तारा आणि कथलाचा वर्ख चढवला, बाहेरून यंत्राने वीज भरली आणि हा गृहस्थ विद्युतमापक घेऊन आत गेला. आत विजेचा मागमूस नव्हता. पण ती स्थिर वीज होती, आणि स्थिर वीज फटींना माफ करते. सेकंदाला नव्वद कोटी वेळा हेलकावणारी करत नाही.

याच संस्थेत जानेवारी १८९७ मध्ये जगदीशचंद्र बोस व्याख्यान द्यायला उभे राहिले. बोस म्हटलं की आपल्याला लाजाळूचं झाड आठवतं, फार तर ‘मार्कोनीच्या आधी कोण’ हा वाद. त्यांच्या डब्याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बोसांच्या लहरी अडीच सेंटीमीटरपासून पाच मिलीमीटरपर्यंतच्या, म्हणजे तिळाएवढी फटसुद्धा त्यांना गळायला पुरे. त्यात ठिणगीने लहरी पाठवणारं आणि त्या टिपणारं अशी दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर. टिपणारं यंत्र इतकं हळवं की भलतीकडून आलेल्या लहरीनेही बिथरायचं. म्हणून ठिणगीचं सगळं बिऱ्हाड बोसांनी दुहेरी भिंतीच्या धातूच्या पेटीत कोंडलं आणि बाहेर पडायला फक्त एक नळी ठेवली. एक भिंत मऊ लोखंडाची, कारण ठिणगी पाडणाऱ्या वेटोळ्यातला प्रवाह तुटला की होणारा चुंबकीय धक्काही त्यांना नको होता. बॅटरीदेखील पेटीच्या आतच. ध्रुवीकरण दाखवायला त्यांनी रेल्वेच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला. पुस्तक एका दिशेने धरलं की लहर पार जाते, काटकोनात फिरवलं की अडते. आपला पाट आणि फळी, दुसरं काय? रेल्वेच्या वेळापत्रकाचा इतका अचूक उपयोग त्यानंतर झाला असेल असं वाटत नाही.

आता भोसरीत येऊ. तिथे एका मित्राच्या छोट्या कारखान्यात यंत्रांवर नजर ठेवणारी पेटी बनते. पहिला नमुना उत्सर्जनाच्या, म्हणजे बाहेर लहरी किती गळतात त्या चाचणीत सुटला, पुढचा लॉट नापास झाला. सर्किट तेच, डबा तोच. स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या पडद्यावर ८७५ मेगाहर्ट्झला सुळका. आतल्या इथरनेटचं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं, त्याची सातपट. मित्राने आधी सगळ्या केबल उपटल्या. सुळका हलला नाही, म्हणजे चोर डब्यातच. मग कोॲक्स केबलच्या टोकाला रुपयाएवढं वेटोळं करून बनवलेला घरगुती प्रोब घेऊन तो डब्याच्या कडेकडेने फिरवू लागला, डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतात तसा. कोपऱ्यांशी सुळका खाली बसायचा, दोन स्क्रूंच्या बरोबर मध्ये ताठ व्हायचा. स्क्रूंमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं: १७ सेंटीमीटर. ८७५ मेगाहर्ट्झची निम्मी तरंगलांबी तेवढीच. त्या फटीवर तांब्याची चिकटपट्टी लावल्यावर सुळका मान टाकून पडला.

पहिल्या नमुन्यात हे का दिसलं नाही? तो कोरा पत्रा होता. लॉटला पावडर कोटिंग झालं होतं, सुबक, राखाडी, झाकणाखालच्या कडेसकट. धातूवर धातू टेकतच नव्हता. सहा स्क्रूंनी सगळा भार वाहिला. कडेचा रंग खरवडून स्प्रिंगच्या पितळी पट्ट्या बसवल्या. संगणकाच्या मागे सॉकेटांभोवती अशीच लवचीक पत्र्याची नखं दिसतील, आणि हवेसाठी एक लांब चीर न ठेवता शंभर बारीक भोकं का पाडतात तेही आता कळेल.

एवढा आटापिटा कशासाठी? अमेरिकेच्या नियमात घरगुती उपकरणाने ८७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तीन मीटरवर २०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या वर जायचं नाही. हिशेब केला तर सगळ्या दिशांना मिळून १२ नॅनोवॉट. झीरोच्या बल्बच्या अब्जाव्या हिश्शाएवढं! हे आरोग्यासाठी नाही, शेजाऱ्याच्या टीव्ही-रेडिओसाठी आहे. सत्तरीच्या दशकाअखेरीस घरोघरी संगणक आले आणि पडद्यांवर मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा १९७९ मध्ये तिथे नियम कडक झाले. त्या काळच्या अटारी ८०० संगणकाच्या पोटात लहरी कोंडायला ओतीव अॅल्युमिनियमचं जड कवच होतं. (मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचा ‘रेडिएशनविरोधी’ स्टिकर विकणाऱ्यांना फॅरेडेच्या खोलीत बसवावं. स्टिकरने खरंच लहरी अडवल्या तर फोन आणखी जोर लावेल, एवढंच.)

मित्राची गोष्ट संपली नव्हती. केबल परत जोडल्यावर ५० मेगाहर्ट्झच्या आसपास नवा सुळका उगवला आणि केबलला हात लावला की वरखाली होऊ लागला. एक मीटर केबलच्या बाहेरच्या अंगावरून फक्त पाच मायक्रोअँपिअर निसटले तरी नापास व्हायला पुरतात. केबलची जाळी पिळून एका तारेने डब्याला जोडली होती. ती सगळीकडून आवळून पत्र्याला भिडवली तेव्हा सुटका झाली. लॅपटॉपच्या वायरवर जी काळी गाठ असते तीही याच आजारावरची.

तर बाई, पुढच्या तासाला झाकणाच्या कडेभोवती फॉइल घट्ट दाबून गुंडाळा. आरती थांबेल. मग डब्याला एक छोटं भोक पाडा (घरच्यांना विचारून), फोनला चार्जरची वायर लावून तिचं टोक बाहेर लोंबू द्या आणि सरांना पुन्हा फोन लावायला सांगा. आमच्याकडे लगेच वाजला. मुलं हसायची थांबली की विचारा, बोसांनी बॅटरी पेटीच्या आत का ठेवली होती?