टोप्यांच्या आडून दिसणारी गायिका

एखाद्या प्रदर्शनात किंवा कॅलेंडरवर असं चित्र दिसतं, की जवळून पाहावं तर नुसते रंगांचे फटकारे! 'यातलं आपल्याला काय कळतंय, बाई' म्हणत आपण पुढे सरकतो. पण मैत्रिणींनो, भरल्या घरात कोण कुणावर रुसलंय हे ज्या नजरेला न सांगता कळतं, तिला चित्र का कळू नये?

एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराचं १८७६-७७ च्या सुमाराचं एक चित्र घ्या. पॅरिसच्या उघड्यावरच्या गायन-कॅफेत लाल झग्यातली गायिका हात पुढे करून गाते आहे. चित्र जेमतेम सव्वा फूट उंच. आधी काळ्या शाईचा ठसा, त्यावर रंगीत खडू.

आता तीन प्रश्न विचारा. पहिला, उजेड कुठून येतो? रंगमंचाच्या दिव्यांतून, खालून. म्हणून झगा झळकतो आणि नाकडोळे पुसट होतात. ही चित्रकाराची घाई नव्हे. रात्री लांबून दिसतं तसंच त्याने काढलंय. दुसरा, आपण कुठे बसलोय? पुढे बायकांच्या टोप्या, वादकांची डोकी. म्हणजे आपणही त्या गर्दीतलेच! तिसरा, कोण कुणाकडे पाहतंय?

हा प्रश्न बाईमाणसाने जरूर विचारावा. मेरी कसाट या चित्रकर्तीने १८७८ मध्ये थिएटरात दुर्बीण लावून बसलेली, काळ्या पोशाखातली बाई रंगवली. ती आपल्याच पाहण्यात गढलेली. आणि लांबच्या सज्जातला पुरुष दुर्बिणीतून तिच्याकडे बघतोय!

हे आपल्याला परकं नाही. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या पवळाबाईंना तमाशातल्या पहिल्या स्त्री-कलावंत म्हणून मान दिला जातो. पठ्ठे बापूरावांच्या साथीने त्यांनी फड गाजवला. पण पुढ्यात बसत ते पुरुष. घरंदाज बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, अशी रीत. आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांना अशी कला पाहायला मिळालीच नाही. कानांवर आलं ते फक्त नाचणारीला नावं ठेवणारं बोलणं.

म्हणून असं चित्र दिसलं तर चार पावलं मागे सरा, डोळे किलकिले करा. दिवे, माणसं, रात्र आपोआप जुळून येतील. मग गाणारीचा चेहरा पुसट असला तरी तिचा पुढे केलेला हात बघा. ती तिथे मिरवायला उभी नाही बरं. कामावर आलेली आहे.