कोल्बी लुईस : हिरोशिमामार्गे टेक्सासला परतलेला पिचर

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ज्या खेळाडूला स्थान उरत नाही, तो जपानची वाट धरतो आणि तेथेच त्याची कारकीर्द मावळते, असा समज अनेक वर्षे रूढ होता. कॅलिफोर्नियातील बेकर्सफिल्ड येथे १९७९ साली जन्मलेल्या कोल्बी लुईस या उजव्या हाताच्या पिचरने हा समज बऱ्याच अंशी खोटा ठरवला. टेक्सास रेंजर्स या संघाने २००४ मध्ये ज्याला आपल्या हातून जाऊ दिले, त्याच लुईसने जपानमधील दोन हंगामांनंतर परत येऊन २०१० मध्ये रेंजर्सना त्यांच्या इतिहासातील पहिल्या वर्ल्ड सिरीजपर्यंत नेण्यात मोलाचा वाटा उचलला.

पिचरचे मोजमाप कसे होते?

बेसबॉलमधील पिचरचे काम क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असले, तरी चेंडू जमिनीवर टप्पा न घेता थेट फलंदाजापर्यंत पोहोचवायचा असतो. फलंदाजासमोर एक काल्पनिक चौकट मानली जाते. तिला ‘स्ट्राईक झोन’ म्हणतात. फलंदाज चेंडू टोलवू शकला नाही आणि तीन स्ट्राईक पूर्ण झाले, तर तो बाद होतो. यालाच ‘स्ट्राईकआउट’ हे नाव आहे. याउलट, चौकटीबाहेर टाकलेले चार चेंडू फलंदाजाने सोडून दिले, तर त्याला पहिला तळ विनासायास बहाल केला जातो. हा ‘वॉक’ होय.

जास्त स्ट्राईकआउट आणि कमी वॉक ही चांगल्या पिचरची खूण मानली जाते. त्याच्याबरोबर नऊ डावांमागे पिचरने सरासरी किती धावा दिल्या, हाही आकडा पाहिला जातो. त्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा धरल्या जात नाहीत. ही सरासरी तीनपेक्षा कमी असणे उत्तम समजले जाते, तर ती पाचावर गेल्यास संघातील जागा धोक्यात येते. लुईसच्या कारकिर्दीतील चढउतार याच तीन आकड्यांतून स्पष्ट दिसतात.

मायदेशातील पहिला अध्याय

रेंजर्सनी १९९९ च्या खेळाडू निवडीत लुईसला घेतले. त्या निवडीत त्याचा क्रमांक ३८ वा होता. एप्रिल २००२ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले. २००३ मध्ये त्याला नियमित संधी मिळाली. त्या हंगामात त्याने १० सामने जिंकले आणि ९ गमावले. वरवर पाहता ही कामगिरी समाधानकारक वाटते. प्रत्यक्षात त्याची धावांची सरासरी ७.३० होती आणि १२७ डावांत त्याने ७० फलंदाजांना वॉक दिले होते. म्हणजे नऊ डावांमागे सुमारे पाच फलंदाज फटका न मारताच तळावर पोहोचत होते. सहकारी फलंदाजांनी भरपूर धावा काढल्यामुळे त्याच्या खात्यावर विजय जमा झाले, एवढेच.

लुईसच्या हातात वेग होता, परंतु त्या वेगावर त्याचे नियंत्रण नव्हते. २००४ मध्ये त्याच्या खांद्यातील ‘रोटेटर कफ’ म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या स्नायूंना इजा झाल्याचे आढळले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. चेंडू फेकणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यासाठी ही दुखापत सर्वांत घातक समजली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस तो डेट्रॉइट टायगर्सकडे गेला. २००५ चा संपूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर काढावा लागला. २००६ मध्ये टायगर्सकडून त्याच्या वाट्याला मेजर लीगचे अवघे दोन सामने आले. २००७ मध्ये तो ओकलंड ॲथलेटिक्सकडून खेळला, पण त्याला एकही विजय मिळाला नाही.

त्या वर्षाच्या शेवटी लुईस २८ वर्षांचा होता. मेजर लीगमधील त्याची एकूण नोंद १२ विजय, १५ पराभव आणि ६.७१ ची सरासरी अशी होती. अशा पिचरला अमेरिकेत बहुधा मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जाच्या स्पर्धांत, संधीची वाट पाहत दिवस काढावे लागतात. याच सुमारास जपानमधील हिरोशिमा तोयो कार्प या संघाने त्याला करारबद्ध केले.

लोकांच्या वर्गणीवर तगलेला संघ

हिरोशिमा कार्प हा जपानच्या सेंट्रल लीगमधील संघ. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या या शहराने युद्धानंतर काही वर्षांतच तो उभा केला आणि १९५० मध्ये तो व्यावसायिक स्पर्धेत उतरला. संघाच्या पाठीशी तेव्हा कोणतीही मोठी कंपनी नव्हती. १९५१ मध्ये तो आर्थिक अडचणीत सापडला, तेव्हा मैदानाबाहेर साके या मद्याची पिंपे ठेवण्यात आली आणि नागरिकांनी त्यांत पैसे टाकून संघ वाचवला. पुढे माझदा या मोटार कंपनीशी संघाचा घनिष्ठ संबंध आला. संघाच्या नावातील ‘तोयो’ हा शब्द या कंपनीच्या जुन्या नावावरून आलेला आहे.

लुईस हिरोशिमाला पोहोचला ते २००८ हे वर्ष संघाच्या जुन्या मैदानाचे शेवटचे वर्ष होते. १९५७ साली सुरू झालेले हे मैदान अणुबॉम्बच्या स्मृतिघुमटासमोर होते. २००९ मध्ये संघ रेल्वे स्थानकाजवळच्या नव्या मैदानावर गेला. त्यामुळे लुईसला दोन हंगामांत दोन मैदाने घरची म्हणून लाभली. त्या काळात संघाचे व्यवस्थापक मार्टी ब्राऊन हे होते. ब्राऊन हे स्वतः अमेरिकन असून नव्वदच्या दशकात कार्पकडूनच खेळले होते. परदेशी खेळाडूला तेथे कोणत्या अडचणी येतात, याचा त्यांना स्वानुभव होता.

जपानमध्ये काय बदलले?

जपानी बेसबॉल नियमांच्या दृष्टीने अमेरिकन बेसबॉलसारखेच असले, तरी तपशिलात बरेच अंतर आहे. अमेरिकेत सुरुवातीचा पिचर साधारणपणे दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो, तर जपानमध्ये त्याची पाळी बहुधा आठवड्यातून एकदा येते. हंगामातील सामन्यांची संख्याही कमी असते. जपानी चेंडू अमेरिकन चेंडूपेक्षा किंचित लहान आणि बोटांना अधिक धरून राहणारा असतो. शस्त्रक्रियेतून सावरलेल्या खांद्याला दोन सामन्यांमध्ये मिळणारी जादा विश्रांती उपकारक ठरणे स्वाभाविक होते.

जपानी फलंदाजांची पद्धतही वेगळी आहे. मोठ्या फटक्यापेक्षा चेंडूला बॅट लावण्यावर आणि पिचरला अधिकाधिक चेंडू टाकायला भाग पाडण्यावर त्यांचा भर असतो. अशा फलंदाजांसमोर केवळ वेग पुरेसा पडत नाही. सुरुवातीपासून चौकटीत चेंडू टाकणे आणि फलंदाजाला बचावात ढकलणे भाग पडते.

तिसरा फरक मानसिक स्वरूपाचा म्हणावा लागेल. अमेरिकेत लुईस संघाच्या यादीतील अखेरच्या काही जणांपैकी एक होता. दोन सामने बिघडले की त्याची रवानगी मायनर लीगमध्ये होत असे. जपानच्या मुख्य संघात त्या वेळी एका वेळी चारच परदेशी खेळाडूंना स्थान होते. त्यामुळे परदेशी खेळाडूकडून अपेक्षा मोठ्या असत, पण त्याचबरोबर त्याला दर आठवड्याला खेळण्याची हमीही मिळत असे. आपली पाळी पुन्हा येणार आहे, हे ठाऊक असलेला पिचर अधिक निर्धास्तपणे खेळतो.

परिणाम लवकरच दिसून आला. २००८ मध्ये लुईसने १५ सामने जिंकले आणि ८ गमावले. त्याची सरासरी २.६८ होती आणि १८३ स्ट्राईकआउटसह तो सेंट्रल लीगमध्ये पहिला आला. २००९ मध्ये त्याने ११ विजय मिळवले, सरासरी २.९६ राखली आणि १८६ स्ट्राईकआउटसह पुन्हा अग्रस्थान पटकावले.

मात्र सर्वांत लक्षणीय आकडा वॉकचा होता. दोन हंगामांतील सुमारे ३५४ डावांत त्याने केवळ ४६ वॉक दिले. नऊ डावांमागे पाच फलंदाजांना फुकट तळ देणारा पिचर आता एकाहून थोडे अधिक वॉक देत होता. कार्प संघ मात्र त्या दोन वर्षांत अनुक्रमे चौथ्या आणि पाचव्या स्थानावर राहिला.

रेंजर्सचा दुसरा करार

जानेवारी २०१० मध्ये रेंजर्सनी लुईसशी दोन वर्षांसाठी ५० लाख डॉलरचा करार केला. मेजर लीगच्या हिशेबाने ही रक्कम मोठी नव्हती. जपानमधील आकडे अमेरिकेत टिकतील का, याविषयी संघांना नेहमीच शंका असते. शिवाय टेक्सासचे मैदान त्या काळी उष्ण हवेमुळे फलंदाजांना अनुकूल समजले जात होते.

लुईसने २०१० मध्ये २०१ डाव टाकले, १९६ स्ट्राईकआउट घेतले आणि सरासरी ३.७२ राखली. १२ विजय आणि १३ पराभव ही त्याची नोंद २००३ पेक्षा वरवर कमी दिसते. पण प्रत्यक्षात तो आता कितीतरी चांगला पिचर होता. नऊ डावांमागे त्याच्या वॉकची संख्या तीनच्या आत आली होती.

१९६१ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झालेल्या आणि १९७२ मध्ये टेक्सासला आलेल्या या संघाला तोवर एकदाही अमेरिकन लीगचे अजिंक्यपद मिळाले नव्हते. २२ ऑक्टोबर २०१० रोजी न्यूयॉर्क यांकीज विरुद्धच्या सहाव्या सामन्यात लुईसने आठ डावांत केवळ तीन फटके आणि एक धाव दिली. रेंजर्सनी हा सामना ६-१ असा जिंकला. याच मालिकेतील दुसरा सामनाही लुईसच्याच नावावर होता. आठवडाभराने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात रेंजर्सनी ४-२ असा विजय मिळवला. वर्ल्ड सिरीजमधील हा संघाचा पहिला विजय होता आणि त्याचा मानकरी लुईस होता. जायंट्सनी ती सिरीज ४-१ अशी जिंकली.

२०११ मध्ये लुईसने १४ सामने जिंकले. त्याच वर्षी मेजर लीगने खेळाडूंसाठी पितृत्व रजा लागू केली आणि तिचा लाभ घेणारा पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. रेंजर्स पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या सहाव्या सामन्याची सुरुवात लुईसनेच केली. त्या सामन्यात संघ दोनदा विजेतेपदापासून केवळ एका स्ट्राईकच्या अंतरावर होता. तरीही ११ डावांनंतर तो १०-९ असा पराभूत झाला आणि सातव्या सामन्यानंतर विजेतेपदही गेले. रेंजर्सना पहिले विजेतेपद मिळण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले.

दुखापतींवर मात

२०१२ च्या मध्यात लुईसच्या कोपराजवळील स्नायुबंध फाटला व शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यातून सावरत असताना खुब्याचा सांधा निकामी होत चालल्याचे आढळले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या सांध्याच्या झिजलेल्या पृष्ठभागावर धातूचे आवरण बसवण्यात आले. पिचर चेंडू फेकताना शरीराचा सारा भार आणि पीळ खुब्यावर घेतो. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतर पुनरागमन जवळजवळ अशक्य मानले जात होते. लुईसने मायनर लीगचा करार स्वीकारला आणि एप्रिल २०१४ मध्ये तो मेजर लीगमध्ये परतला. या शस्त्रक्रियेनंतर मेजर लीगमध्ये खेळणारा तो पहिला पिचर ठरला.

२०१५ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने कारकिर्दीतील सर्वाधिक १७ विजय नोंदवले. जून २०१६ मध्ये ओकलंडविरुद्ध त्याने आठ डावांपर्यंत एकही फटका लागू दिला नाही. नवव्या डावात हा विक्रम हुकला. तो हंगाम त्याचा अखेरचा ठरला. मेजर लीगमध्ये त्याने एकूण ७७ सामने जिंकले. त्यांपैकी ६५ विजय जपानहून परतल्यानंतरचे आहेत.

बदललेला दृष्टिकोन

अमेरिकन पिचर जपानमध्ये यशस्वी होणे नवे नव्हते. १९६४ मध्ये नानकाई हॉक्सकडून खेळताना जो स्टांका याने जपान सिरीजचा सहावा आणि सातवा सामना लागोपाठच्या दिवशी, एकही धाव न देता जिंकून दिला होता. त्याच वर्षी हानशिन टायगर्सचा जीन बॅक हा पिचरसाठीचा प्रतिष्ठेचा सावामुरा पुरस्कार मिळवणारा पहिला परदेशी खेळाडू ठरला होता. परंतु या दोघांनीही आपले कर्तृत्व जपानमध्येच गाजवले. योमिउरी जायंट्सकडे १९८८ आणि १९८९ मध्ये खेळून परतलेल्या बिल गलिक्सनने १९९१ मध्ये डेट्रॉइटसाठी २० विजय मिळवले खरे; मात्र जपानला जाण्यापूर्वीच तो अमेरिकेत प्रस्थापित पिचर होता.

लुईसचे उदाहरण वेगळे ठरते ते यामुळे. तो अपयशी म्हणून गेला आणि आधारस्तंभ म्हणून परतला. त्याच्या यशाचे सारे श्रेय जपानला देणे योग्य होणार नाही. खांदा बरा होणे आणि वाढत्या वयाबरोबर येणारी परिपक्वता यांचाही त्यात वाटा होता. तरीही, नियमित खेळायला मिळाले नसते, तर या दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याची संधीच त्याला लाभली नसती.

पुढे माईल्स मायकोलस हा पिचर याच वाटेने गेला. २०१५ ते २०१७ ही तीन वर्षे योमिउरी जायंट्सकडून खेळल्यावर २०१८ मध्ये त्याने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी १८ सामने जिंकले आणि केवळ चार गमावले. जपानमध्ये घालवलेली वर्षे ही खेळाडूच्या कारकिर्दीतील वजाबाकी मानण्याची सवय अमेरिकन संघांना हळूहळू सोडावी लागली.