मोठ्या फिल्मचा कॅमेरा: पैसे नेमके कुठे घालायचे?

शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी, नाणेघाटातला नानाचा अंगठा, डिंभे धरणाचं पाणी. जुन्नर-आंबेगावात छायाचित्रासाठी विषय शोधत फिरावं लागत नाही. इथल्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणा टिपायच्या तर 4×5 इंची शीट फिल्मसारखं दुसरं साधन नाही, कारण तिची निगेटिव्ह 35 मिमीच्या चौकटीच्या सुमारे 13 पट मोठी असते. पण असा कॅमेरा घ्यायचं ठरवलं की ऐकीव सल्ले सुरू होतात आणि त्यांतले निम्मे चुकीचे असतात.

सगळ्यात महाग पडणारा सल्ला म्हणजे, ‘जुन्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा मिळतोय, स्वस्तात घेऊन टाक.’ सागवान आणि पितळेचे हे कॅमेरे देखणे असतात यात शंका नाही. आलेप्पीला करुणाकरन यांनी घडवलेला ‘वागीश्वरी’ तर देशभरच्या स्टुडिओंमध्ये पोचला होता. मात्र असे कॅमेरे बहुधा हाफ प्लेट (4¾×6½ इंच) किंवा फुल प्लेट (6½×8½ इंच) मापाचे असतात आणि त्या मापाची फिल्म दुकानात सहज मिळत नाही. प्लेट होल्डर हरवलेले असतील तर दुसऱ्या कॅमेऱ्याचे बसतीलच असं नाही. भात्याच्या घड्या झिजून बारीक छिद्रं पडलेली असतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा, प्रकाशाचे ठिपके बाहेर दिसले तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

त्यात अनेक जुन्या लेन्सना शटरच नसतं, टोपी काढून पुन्हा लावायची. भर उन्हात 100 आयएसओच्या फिल्मला एफ 16 वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हाताने टोपी इतक्या वेगात हलत नाही. पण फिल्मऐवजी फोटोचा कागद घातला तर हाच कॅमेरा कामाला येतो. कागदाचा वेग आयएसओ 6 च्या आसपास असतो, त्यामुळे एफ 45 वर सेकंदभराहून थोडं जास्त लागतं आणि तेवढं टोपीने जमतं. कागद मापात कापताही येतो, तोही लाल दिव्यात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात असा कॅमेरा दिसला तर याच तयारीने घ्या.

‘कॅमेरा जितका महाग तितका फोटो चांगला’ हेही खरं नाही. कॅमेरा म्हणजे प्रकाश आत शिरू न देणारी, पुढे-मागे सरकणारी पेटी. चित्र घडवते लेन्स. वापरलेला कॅम्बो किंवा कॅल्युमेटचा मोनोरेल, म्हणजे एका दांडीवर सरकणारा कॅमेरा, जड असतो, म्हणूनच तुलनेने स्वस्त मिळतो. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या तो घेऊन चढताना दम लागेल. पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरापुढे मात्र त्याचा उपयोग कळतो. कॅमेरा वर न कलवता फक्त लेन्स उचलली की खांब सरळ उभे राहतात. डोंगर चढायचाच असेल तर ब्रायटनच्या इंट्रेपिड कंपनीचे, 2014 पासून निघालेले प्लायवूडचे हलके कॅमेरे पाहा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आधी विचारून घ्या.

एक्स-रे फिल्म स्वस्त असते हे खरं, पण ती नेहमीच्या फिल्मसारखी वागत नाही. तिला लाल रंग दिसत नाही, बहुतेक प्रकारांत दोन्ही बाजूंना लेप असल्याने ओरखडे लगेच पडतात, आणि 8×10 ची शीट बरोबर चार भागांत कापली तर तुकडे होल्डरमध्ये अडकतात, कारण 4×5 ची खरी फिल्म नावाच्या मापापेक्षा किंचित लहान असते. सरावाला ती उत्तम.

निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणारा एन्लार्जर नाही म्हणून कुणी थांबू नये. 4×5 ची निगेटिव्ह कागदावर काचेखाली दाबून कॉन्टॅक्ट प्रिंट काढता येते. प्रकाश मोजायला फोनवरचं अ‍ॅप चालतं.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी सांगेन: 4×5 चा वापरलेला मोनोरेल, चालू शटरची 150 मिमी लेन्स आणि दोन-तीन होल्डर. एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात, आणि पुढचा सगळा खर्च त्या शीटचा आहे. बजेटमधली रक्कम त्यासाठी राखून ठेवा. लेण्यांत आणि गडावर ट्रायपॉड लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची, भीमाशंकर अभयारण्यात वन खात्याची परवानगी आधी घ्या. आणि हा बिबट्यांचा मुलूख आहे. काळ्या कापडाखाली डोकं घातल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, तेव्हा पहाटे किंवा तिन्हीसांजेला उसाच्या कडेला एकट्याने कॅमेरा लावू नका, सोबत कुणीतरी हवंच.