गुण कोणाच्या खाती? : बिलियर्ड्सच्या गुणमोजणीविषयी काही विचार

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन घरी नांदतो. माणसाच्या अंगचा चांगुलपणा म्हणजे गुण, आणि परीक्षेत अथवा खेळात पदरी पडलेला आकडा म्हणजेही गुण. गुजरातीतही हाच शब्द याच दोन्ही अर्थांनी चालतो. त्यामुळे बडोद्याचे मूल घरी मराठी बोलो की शेजारी गुजराती, आकडा मिळाला म्हणजे आपल्या अंगी काही गुण आला, अशी त्याची नकळत समजूत होते. ही समजूत कितपत खरी, याचा विचार शिक्षकाने केला पाहिजे. मात्र परीक्षेच्या क्षेत्रात तो मोकळेपणाने करता येत नाही, कारण तेथे आपण सारेच पक्षकार असतो. खेळाचे तसे नाही. तेथे गुणांचा तक्ता समोर मांडलेला असतो आणि तो वाचण्यात कोणाच्या निकालाचा प्रश्न नसतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते ते मुलांना मैदानावर आनंदाने नेत असत. म्हणून हा विषय त्यांच्या स्मृतीस अनुचित ठरणार नाही, असे वाटते.

खेळाचे नियम लिहून काढण्याची परंपरा या शहराला नवी नाही. हुतुतू हा खेळ गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जाई. त्याला निश्चित नियम देऊन १९२३ साली अखिल भारतीय सामने भरविण्याचे श्रेय बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याकडे जाते. पुढे १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत येथूनच प्रसिद्ध झाला. नियम लिहिला गेला म्हणजे दोन अनोळखी गावची माणसे भांडणावाचून एकत्र खेळू शकतात, हा त्याचा उघड लाभ. परंतु नियम लिहिणारा आणखी एक गोष्ट करीत असतो. अमुक कृतीला इतके गुण असे ठरविताना तो खेळाडूने कशाची आस धरावी हेही ठरवितो. ही दुसरी गोष्ट बिलियर्ड्सच्या टेबलावर फार स्वच्छ दिसते, म्हणून उदाहरणास तो खेळ घेतो.

आपल्याकडे ज्याला नुसते ‘बिलियर्ड्स’ म्हणतात तो इंग्रजी पद्धतीचा खेळ होय. टेबल सुमारे बारा फूट लांब व सहा फूट रुंद, त्यावर हिरवे कापड, कडेला रबरी कुशन आणि सहा पॉकेटे. चेंडू तीनच असतात : एक आपला, एक प्रतिपक्षाचा आणि एक लाल. पूर्वी दोन्ही खेळाडूंचे चेंडू पांढरे असत व एकावर ठिपका असे. आता एक पांढरा व एक पिवळा असतो. खेळाडूने क्यूने, म्हणजे लांब काठीने, केवळ आपल्याच चेंडूला मारावयाचे. गुण मिळविण्याचे मार्ग तीन. आपला चेंडू एकाच फटक्यात उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला तर त्यास ‘कॅनन’ म्हणतात. त्याचे दोन गुण. आपल्या चेंडूने दुसरा चेंडू पॉकेटात घातला तर तो ‘पॉट’. लाल गेल्यास तीन, प्रतिपक्षाचा गेल्यास दोन. आणि आपला चेंडू दुसऱ्याला लागून स्वतःच पॉकेटात गेला तर ते ‘इन-ऑफ’. लाल चेंडूवरून गेल्यास तीन, प्रतिपक्षाच्या चेंडूवरून गेल्यास दोन.

हे तिन्ही एकाच फटक्यात साधले तर गुणांची बेरीज होते. आपला चेंडू आधी लालला व मग दुसऱ्या चेंडूला लागला आणि तिन्ही चेंडू पॉकेटात गेले, तर कॅननचे दोन, लाल पॉटचे तीन, दुसऱ्या पॉटचे दोन व इन-ऑफचे तीन मिळून दहा होतात. एका फटक्याची ही कमाल मर्यादा. जोवर प्रत्येक फटक्याला काही गुण मिळत आहेत तोवर पाळी त्याच खेळाडूची राहते. या अखंड मालिकेला ‘ब्रेक’ म्हणतात. नियमभंग झाला तर प्रतिपक्षास दोन गुण व खेळण्याची पाळी मिळते.

आता या तक्त्यातील एक बारकावा पाहावा. लाल चेंडू पॉकेटात गेला तर तो बाहेर काढून ठरलेल्या ठिकाणी पुन्हा ठेवतात. प्रतिपक्षाचा चेंडू मात्र गेला की त्या खेळाडूची पाळी येईपर्यंत टेबलाबाहेरच राहतो. म्हणजे प्रतिपक्षाचा चेंडू घालविणाऱ्याला दोन गुण तत्काळ मिळतात, पण टेबलावर दोनच चेंडू उरल्यामुळे कॅननचा मार्ग त्याच्यापुरता बंद होतो. उरतो तो लाल चेंडू, आणि त्याच्या आधारे खेळावयाचे तर सलग पंधराहून अधिक पॉट व इन-ऑफ कॅननवाचून करता येत नाहीत, असा नियम आहे. प्रतिस्पर्ध्याला टेबलावरून नाहीसे करणे हा येथे फायद्याचा व्यवहार नव्हे, हे त्या नियमाने एक शब्दही उपदेश न करता सांगितले आहे.

या गुणपद्धतीत पराक्रमापेक्षा सातत्याला मोल आहे. एका फटक्याला बहुधा दोन किंवा तीनच गुण मिळतात. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यास जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिला विश्वविजेता लाभला. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला. दोन-तीन गुणांच्या हिशेबाने पाहिले तर हा आकडा गाठण्यास एकही न चुकता सुमारे चारशे ते पावणेसहाशे फटके मारावे लागतात. अहमदाबादचे गीत सेठी यांनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६ चा ब्रेक केला. या साऱ्यांचे कौशल्य प्रत्येक फटक्यानंतर चेंडू अशा जागी आणून ठेवण्यात आहे की पुढचा फटका सोपा व्हावा. पाहणाऱ्याला वाटते की सारेच फटके सोपे होते. ते सोपे करून ठेवलेले असतात, आणि खरी विद्या तीच.

परंतु सातत्याला गुण दिले की एक धोकाही जन्मास येतो. १९०७ साली लंडनमध्ये टॉम रीस या व्यावसायिक खेळाडूने दोन चेंडू एका पॉकेटाच्या तोंडाशी अशा रीतीने अडकविले की आपला चेंडू त्यांना हलके स्पर्श करी, पण ते जागचे हलत नसत. लहान मूल पाळण्यात निजवावे तसे ते चेंडू तेथे विसावले, म्हणून त्या फटक्याला ‘पाळणा-कॅनन’ असेच नाव पडले. रीस यांनी महिनाभराहून अधिक काळ हाच फटका चालवून ४,९९,१३५ गुण जमविले. म्हणजे सुमारे अडीच लाख कॅनन. ब्रेक तरीही संपलेला नव्हता! नियमांत काहीही बसत नव्हते असे नाही; सारे नियमानुसारच चालले होते. पण तो खेळ राहिला नव्हता. त्याच वर्षी नियामक संस्थेने या फटक्यावर बंदी घातली. १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंडरम यांनी ४१३७ चा ब्रेक केला. तो खेळ अद्वितीय होता, पण त्या काळातील प्रतिस्पर्ध्याला खुर्चीत बसून पाहत राहावे लागे. तेव्हा चेंडू वेळोवेळी टेबलाच्या एका रेषेपलीकडे नेलाच पाहिजे, असे बंधन आले. सलग ७५ हून अधिक कॅनन न करण्याचा नियमही आजच्या पुस्तकात आहे. खेळाडू नेहमी जे मोजले जाते तेच साधू पाहतो, यात त्याचा दोष नाही. मोजणारा झोपला तर खेळ मरतो.

हा धोका इटलीतील लोकांनी अगदी निराळ्या मार्गाने टाळला आहे. तेथील बिलियर्ड्सच्या टेबलाला पॉकेटच नसते. चेंडू तीनच, पण टेबलाच्या मधोमध पाच लहान खुंट, म्हणजे पिना, अधिकचिन्हाच्या आकारात उभ्या असतात. चार पांढऱ्या आणि मध्ये एक लाल. खेळाडूने आपल्या चेंडूने प्रथम प्रतिपक्षाचा चेंडू मारला पाहिजे. त्या धक्क्याने प्रतिपक्षाच्या अथवा लाल चेंडूने पिना पाडल्या तर पांढऱ्या पिनेचे दोन आणि लाल पिनेचे चार गुण मिळतात. आजूबाजूच्या पिना उभ्या ठेवून एकटी लाल पिन पाडली तर गुण त्याहून पुष्कळच अधिक : जुन्या हिशेबाने आठ, स्पर्धांतील नव्या हिशेबाने दहा. प्रतिपक्षाचा चेंडू लाल चेंडूला लागला तर तीन, आपला लागला तर चार. नऊ पिनांचा ‘गोरिझियाना’ नावाचा प्रकारही तेथे खेळतात.

या खेळातील दोन नियम मला विशेष विचारात पाडतात. पहिला असा की प्रत्येक पाळीस फटका एकच. कितीही गुण मिळोत, पाळी बदलते. त्यामुळे लिंडरमसमोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याची अवस्था येथे कोणाचीही होत नाही. दुसरा असा की आपल्याच चेंडूने पिना पाडल्या तर ते गुण नाहीसे होत नाहीत. ते प्रतिपक्षाच्या खाती जमा होतात. पिन तीच, पडणे तेच, गुणही तेवढेच. केवळ कोणाच्या चेंडूने ती पडली यावर जमा कोणाकडे हे ठरते. आघात करावा, पण आपला चेंडू मागे आवरून धरावा, असा संयम हा खेळ शिकवितो.

आपल्या घरच्या कॅरमकडे या दृष्टीने पाहावे. नियमबद्ध कॅरममध्ये नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक राणी. आपण किती सोंगट्या घातल्या हे तेथे मोजतच नाहीत. जो आपल्या सोंगट्या आधी संपवितो त्याला प्रतिपक्षाच्या बोर्डावर उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात. राणीचे तीन गुण, तेही पाठोपाठ आपली सोंगटी घालून ती राखली तरच, आणि विजेत्याची एकूण गुणसंख्या बावीसवर गेली की तेही बंद. पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा डाव. सुटीच्या दुपारी घरोघर काळीचे दहा, पांढरीचे वीस, राणीचे पन्नास असा जो हिशेब चालतो तो अगदी निराळा खेळ होय, हे आता लक्षात येईल. एकात आपण काय मिळविले ते मोजतात, दुसऱ्यात समोरच्याचे काय राहून गेले ते. बोर्ड एकच, पण खेळणाऱ्याचे मन बदलते.

आणखी एक तुलना करून हे विवेचन आवरते घेतो. कॅरममध्ये स्ट्रायकर पॉकेटात गेला तर दंड होतो. मिळविलेली एक सोंगटी परत बोर्डावर ठेवावी लागते. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेल्या स्नूकरमध्येही आपला चेंडू पॉकेटात जाणे हा दोषच. परंतु इंग्रजी बिलियर्ड्समध्ये तीच घटना, दुसऱ्या चेंडूला लागून घडली तर, दोन किंवा तीन गुणांची कमाई ठरते. लाकडाला, हस्तिदंताला वा रबराला यात काही फरक कळत नाही. घटना तीच, तिला गुण म्हणावे की दोष, हे नियमकर्त्याने ठरविलेले असते.

यावरून गुणांचा तक्ता म्हणजे मनमानी, असा अर्थ काढू नये. मला उलट म्हणावयाचे आहे. तक्ता माणसाने केलेला आहे, म्हणूनच त्याची जबाबदारी माणसावर आहे. एका फटक्याला तीन द्यावयाचे की दोन, चूक झाली तर गुण कोणाच्या खाती टाकावयाचे, पाळी केव्हा बदलावयाची, या निर्णयांतून खेळ आपल्या मुलांना धीर, संयम, प्रतिस्पर्ध्याचा मान अथवा नुसती आकड्यांची हाव शिकवीत असतो. प्रश्नपत्रिका काढण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याची चाळीसएक वर्षे गेली, अशा माझ्यासारख्याला यातून शाळेकडे वळल्यावाचून राहवत नाही. पाठ केलेल्या उत्तरालाच आपण वर्षानुवर्षे गुण देत राहिलो, तर मूल वर्षभर पाळणा-कॅननच खेळत राहील, आणि नियमाप्रमाणे त्याचे काहीच चुकलेले नसेल. त्याला लाख गुण मिळतील. त्याच्या अंगी कोणता गुण आला, हा प्रश्न मात्र तसाच उरेल.

बिलियर्ड्सच्या नियामकांनी आकडा फुगलेला पाहून टाळ्या वाजविल्या नाहीत. खेळ कोठे हरवला ते शोधले आणि नियम बदलला. शाळेतील गुणांचा तक्ता आपल्याच हाती आहे. तो अधूनमधून असाच तपासून पाहावा, एवढी विनंती या शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींना करून मी आपली रजा घेतो.